तुटण्याआधी किती सरकलं?

गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटांपैकी (अस्थिबंधांपैकी) एक, पूर्ण तुटलं की बहुतेक वेळा ते शिवत नाहीत, त्याच्या जागी नवं बसवतात. रुग्णाच्याच मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) घ्यायचे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी हाडाच्या तुकड्यांसकट काढायची. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडायचे, त्यांतून हा ग्राफ्ट ओवायचा आणि दोन्ही टोकांना पक्का धरून ठेवायचा. हे धरून ठेवणं बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंवर अवलंबून असतं: स्क्रू, बटण, आडवी पिन, काटेरी वॉशर. या वस्तूंची ताकद मोजण्याच्या कामात मी यंत्र अभियंता म्हणून होते. अस्थिरोग विभागातले डॉक्टर आणि आमची पदार्थ-चाचणीची प्रयोगशाळा असं ते एकत्र काम होतं.

त्याआधी मी बोल्ट, रिव्हेट आणि गोंदाने चिकटवलेले सांधे तपासत असे. नमुना यंत्रात लावायचा, ओढायचा, तुटला की सर्वाधिक भार नोंदवायचा. डॉक्टरांचाही पहिला प्रश्न तसाच सरळ होता: यातलं सगळ्यांत मजबूत कोणतं? मला वाटलं होतं की प्रत्येक उपकरणापुढे एकेक आकडा लिहिला की काम झालं. ते इतकं सरळ का नव्हतं, तेच इथे सांगायचं आहे.

आधी मला मूळ लिगामेंट किती भार घेतं ते हवं होतं. सॅव्हिओ वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मृत दात्यांच्या गुडघ्यांवर केलेली मोजणी आजही सगळीकडे आधाराला घेतात. 22 ते 35 वयोगटात एसीएल सरासरी 2160 न्यूटनला तुटलं, म्हणजे साधारण 220 किलो वजन टांगल्यावर. त्याचा ताठरपणा, म्हणजे एक मिलिमीटर लांबवायला लागणारा भार, होता मिलिमीटरमागे 242 न्यूटन. 60 ते 97 वयोगटात तेच लिगामेंट 658 न्यूटनला गेलं. वाटीखालच्या टेंडनची 10 मिमी रुंद पट्टी 2900 न्यूटनच्या पुढे जाते आणि चार पदरी हॅमस्ट्रिंग 4000 च्याही वर, मात्र चारही पदरांवर सारखा ताण असेल तरच. एक पदर सैल राहिला तर बाकीचे आधी थकतात आणि आकडा झपाट्याने उतरतो. थोडक्यात, ग्राफ्ट बसवल्या दिवशी मूळ लिगामेंटपेक्षा दणकट असतो.

मग काळजी कसली? काळजी त्याला धरणाऱ्या टोकांची. मासाहिरो कुरोसाका आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्येच दाखवून दिलं होतं की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काळात या जोडणीतला सर्वांत कमजोर भाग म्हणजे फिक्सेशन, ग्राफ्टला हाडात धरून ठेवणारी पकड. 2003 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी डुकराच्या हाडांत हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट बसवून उपकरणांची तुलना केली. मांडीच्या हाडात बोन मल्च स्क्रू (नावात स्क्रू असला तरी ग्राफ्ट आडव्या पिनेसारखा अडकवणारा) 1112 न्यूटन, एंडोबटन हे बटण 1086 आणि धातूचा एक इंटरफिअरन्स स्क्रू 546 न्यूटनपर्यंत टिकला. नडगीच्या हाडात इंट्राफिक्स 1332, वॉशरलॉक 975 आणि यादीत सगळ्यांत खाली राहिलेला स्क्रू 471 न्यूटन. म्हणजे 4000 न्यूटनचा ग्राफ्ट आपण त्याच्या आठव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंतच्या ताकदीने धरून ठेवतो.

दुसरी बाजू म्हणजे रोजच्या हालचालीत त्यावर येणारा भार. सपाट जमिनीवर चालताना एसीएलवर येणाऱ्या ताणाचे जुने अंदाज 170 न्यूटनच्या आसपास आहेत. फ्रँक नॉयस यांनी 1984 मध्ये दैनंदिन कामांसाठी मांडलेला 454 न्यूटनचा अंदाज अजूनही उद्धृत होतो. 471 आणि 454 हे आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिले तेव्हा या कामाचं गांभीर्य मला पहिल्यांदा नीट जाणवलं. पूल बांधताना इतकं थोडं अंतर ठेवून कोणी आराखडा मंजूर करणार नाही.

तयारीला वेळ लागतो आणि ती घाईत उरकली तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. हाडं उणे 20 अंशांवर गोठवून ठेवायची, चाचणीच्या आदल्या दिवशी बाहेर काढून हळूहळू वितळू द्यायची आणि त्या क्षणापासून शेवटपर्यंत सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवायची. टेंडन कोरडा पडला की ताठ होतो आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून आमच्यातला एक जण यंत्राशेजारी फवारणीची बाटली घेऊन उभाच असे. प्रत्येक हाडाची घनता आधीच मोजून घेत होतो, म्हणजे भुसभुशीत हाडं एका उपकरणाच्या वाट्याला आणि कठीण हाडं दुसऱ्याच्या, असा अन्याय होऊ नये.

तरुण माणसाचे हॅमस्ट्रिंग टेंडन चाचणीसाठी सहज मिळत नाहीत. त्याऐवजी गाईगुरांच्या पायातले, बोटं सरळ करणारे लांब टेंडन वापरण्याची पद्धत आहे, कारण चार पदरी केल्यावर त्यांचा ताठरपणा मानवी ग्राफ्टच्या बराच जवळ जातो. चरबी आणि स्नायूचा अंश खरवडून काढायचा, टोकं वळत्या टाक्यांनी शिवायची, दुमडायचं आणि भोकांच्या मापपट्टीतून ओढून व्यास पाहायचा. ही भोकं अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात. जिथून ग्राफ्ट थोडा अडत, पण न फाटता निघतो, तेच बोगद्याचं माप. मग तो ताणपाटावर 80-90 न्यूटनवर ठेवायचा. नुसता ठेवला तरी तो हळूहळू लांबत जातो, ताण मात्र तितकाच असतो. धातूवर काम करणाऱ्या माणसाला हे नवीन असतं. टेंडनला काळाचं भान असतं, तो किती ओढला याबरोबरच किती वेळ ओढला यालाही प्रतिसाद देतो.

उपकरणं बसवण्याचं काम डॉक्टरच करत. मी शेजारी उभी राहून पाहायचे आणि मोजायचे. इंटरफिअरन्स स्क्रूचं तत्त्व भिंतीच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू आवळण्यासारखं आहे: बोगद्यात ग्राफ्ट असतो, त्याच्या आणि हाडाच्या मधल्या फटीत स्क्रू घुसतो आणि ग्राफ्टला समोरच्या भिंतीवर दाबून धरतो. पकड येते ती दाबातून आणि घर्षणातून. हाडाचा तुकडा असलेला ग्राफ्ट असा दाबला की आटे त्या तुकड्यातही रुततात आणि पकड चांगली येते. नुसत्या टेंडनला मात्र रुतायला काही नसतं. ओला, गुळगुळीत टेंडन दाबाखालून निसटायचाच प्रयत्न करतो. म्हणून टेंडनसाठीच्या स्क्रूचे आटे बोथट करतात, नाहीतर ते त्यालाच कापतील.

स्क्रूच्या बाबतीत तीन गोष्टींनी निकाल बदलताना दिसला. पहिली दिशा. स्क्रू बोगद्याला समांतर गेला तर पूर्ण लांबीभर दाब राहतो, तिरका गेला तर एका टोकाशी घट्ट आणि दुसऱ्या टोकाशी पोकळ. हा कोन 15-20 अंशांच्या पुढे गेला की पकड ढिली पडू लागते. दुसरी जाडी आणि लांबी. नडगीच्या हाडात बोगद्याइतक्याच किंवा एक मिलिमीटर जास्त व्यासाचा, लांब स्क्रू चांगला, कारण त्याचं डोकं बाहेरच्या कठीण थराशी टेकलं तर आधार वाढतो. तिसरी आणि सर्वांत मोठी म्हणजे हाड. डॉक्टर स्क्रू फिरवताना हाताला किती विरोध जाणवतो ते मोठ्याने सांगत आणि मी टॉर्क मीटर (पिळाचं बळ मोजणारं यंत्र) वाचत असे. "हा सैल बसतोय," असं ते म्हणाले की तो नमुना पुढे यंत्रावरही बहुधा आधी सुटायचा. त्यांच्या मनगटाला कळणारी गोष्ट आकड्यात उतरताना पाहणं मला फार मोलाचं वाटलं.

विरघळणारे स्क्रू वेगळी काळजी मागतात. पॉलिलॅक्टिक ॲसिडचे हे स्क्रू शरीरात हळूहळू विरतात, काहींत हाडाच्या वाढीसाठी कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेलं असतं. नेमका बसला तर पकडीत तो धातूच्या स्क्रूपेक्षा मागे नसतो. पण पीळ सहन करण्याची ताकद कमी, त्यामुळे कठीण हाडात आवळताना तो मोडू शकतो. म्हणूनच त्याचा स्क्रूड्रायव्हर नुसत्या डोक्यात न बसता जवळपास पूर्ण लांबीभर आत जातो आणि पीळ सगळीकडे वाटला जातो. आधी आटे पाडून घेतले तर धोका आणखी कमी होतो.

बटणाचं तत्त्व अगदी निराळं. साधारण 4 मिमी रुंद आणि 12 मिमी लांब टायटॅनियमची पट्टी, तिला पॉलिस्टरचा अखंड लूप आणि लूपमध्ये अडकवलेला ग्राफ्ट. पट्टी उभी करून मांडीच्या हाडातून बाहेर काढायची आणि पलीकडे आडवी करायची. मग ती हाडाच्या बाहेरच्या कठीण थरावर टेकते आणि ग्राफ्ट आत लटकत राहतो. बोगद्यातल्या भुसभुशीत हाडाशी तिचा संबंधच नसतो, त्यामुळे ताकदीचा आकडा भरघोस येतो. फक्त पट्टी आणि हाड यांच्यामध्ये मऊ ऊती अडकता कामा नयेत. अडकल्या तर सुरुवातीला घट्ट वाटतं आणि नंतर भाराखाली पट्टी त्या ऊती चिरडत खाली बसते. तेवढा ग्राफ्ट सैल होतो.

आता यंत्र. वरकरणी सोपा वाटणारा भाग म्हणजे ग्राफ्टचं मोकळं टोक पकडणं, आणि त्यानेच सगळ्यांत जास्त दमवलं. साध्या जबड्यांत टेंडन घसरतो, जास्त आवळला तर जबड्याच्या कडेवर फाटतो. दोन्ही वेळा मोजलं जातं ते आपल्या पकडीचं बळ, उपकरणाचं नव्हे. उपाय म्हणजे गोठवणारा क्लॅम्प. कोरड्या बर्फाने जबडे इतके थंड करायचे की त्यांतला टेंडनचा भाग दगडासारखा होईल. पण ही थंडी टेंडनमधून खाली उतरत जाते. ती बोगद्याच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधी चाचणी संपली पाहिजे किंवा मधली लांबी पुरेशी ठेवली पाहिजे. ज्या चाचणीत चक्रं चालवायची होती तिथे आम्ही ग्राफ्टची दुमड सरळ पोलादी आडव्या दांडीवर टाकली आणि क्लॅम्पचा प्रश्नच मिटवला.

ओढण्याची दिशा बोगद्याच्या सरळ रेषेत ठेवली. गुडघ्यात ग्राफ्ट बोगद्याच्या तोंडाशी वाकतो आणि तिथल्या घर्षणामुळे उपकरणावरचा थोडा भार कमी होतो. सरळ ओढलं की हा दिलासा मिळत नाही, म्हणजे ही सर्वांत कठोर परिस्थिती झाली. नडगीच्या बाजूला ती फारशी कृत्रिमही नाही: गुडघा सरळ होत आला की ग्राफ्टची ओढ तिथल्या बोगद्याच्या बरीच रेषेत येते. शिवाय नडगीच्या वरच्या टोकाचं हाड मांडीच्या हाडापेक्षा विरळ. म्हणून दोन टोकांपैकी खालचं टोक मला कायम जास्त काळजीचं वाटलं.

एकदाच ओढून तोडण्याच्या चाचण्या आधी झाल्या. क्रमवारी साधारण प्रकाशित अभ्यासांसारखीच आली, बटण वर आणि स्क्रू खाली. पुढे चक्रीय चाचणी सुरू केली आणि माझी नजर बदलली. 50 ते 200 न्यूटन, दर दोन सेकंदांना एक चक्र, अशी 1500 चक्रं. एका नमुन्याला 50 मिनिटं लागतात. 200 न्यूटन म्हणजे काहीच नाही, सगळ्यांत कमजोर उपकरणाच्या ताकदीच्याही निम्म्याहून कमी. तरीही प्रत्येक नमुना सरकत होता.

सरकणं मोजायलाही युक्ती लागते. यंत्राचा वरचा दांडा किती हलला ते पाहिलं तर त्यात टेंडनचं लांबणं, क्लॅम्पचं बसणं, हाडाच्या साच्यातली ढील असं सगळं मिसळतं. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी हाडावर एक खूण, टेंडनवर दुसरी आणि कॅमेऱ्याने त्या दोहोंमधलं अंतर. स्क्रीनवर तो आलेख उमटताना पाहणं हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग होता. पहिल्या काही चक्रांत रेषा झपकन चढते: गाठी बसतात, लूप ताणतो, टेंडन स्क्रूखाली आपली जागा घेतो. मग ती वाकते आणि जवळपास आडवी होते. चांगलं फिक्सेशन म्हणजे लवकर आडवी होणारी रेषा. काही नमुन्यांत मात्र ती आडवी होतच नाही, दर शंभर चक्रांना थोडी थोडी चढत राहते. असा नमुना 1500 चक्रं पूर्ण करतो, नंतर ओढला तर बऱ्यापैकी भारही घेतो. सर्वाधिक भाराच्या रकान्यात तो इतरांसारखाच दिसतो. पण रुग्णाच्या गुडघ्यात तो रोज सैल होत गेला असता.

किती सैल झालं की बिघडतं? डॉक्टर दोन्ही गुडघ्यांची तुलना एका मोजयंत्राने करतात. नडगी पुढे ओढल्यावर शस्त्रक्रिया झालेला गुडघा दुसऱ्यापेक्षा 3 मिमीपर्यंत जास्त सरकला तर ठीक मानतात, 5 मिमीच्या पुढे गेला तर ग्राफ्ट निकामी समजतात. या मापाशेजारी आमचे आलेख ठेवले की 1500 हलक्या चक्रांत दोन-चार मिलिमीटर जाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळतं. फिनलंडच्या अभ्यासात इंट्राफिक्सचं सरकणं 1.5 मिमी होतं. तेच उपकरण तुटण्याच्या भारातही पहिलं आलं होतं, पण माझ्या मते त्याची खरी थोरवी या दीड मिलिमीटरमध्ये आहे. चार पदर वेगळे ठेवणारं प्लास्टिकचं आवरण आणि त्याच्या मधोमध स्क्रू अशी त्याची रचना, त्यामुळे प्रत्येक पदर हाडावर स्वतंत्रपणे दाबला जातो. एका बाजूने घातलेल्या स्क्रूत जो पदर लांब पडतो त्याला दाब कमी मिळतो.

नमुना कसा सुटला याची नोंद मी भाराच्या आकड्यापेक्षा सविस्तर ठेवू लागले. स्क्रूचा नमुना बहुधा आवाज न करता जातो: टेंडन हळूच घसरत बाहेर येतो, आलेखावर टोकदार शिखराऐवजी लांब उतार दिसतो. बटणाचा नमुना कडाडून जातो, लूप तुटतो किंवा पट्टी हाडाचा थर फोडून आत शिरते. आडव्या पिना वाकतात, मोडतात. नडगीच्या बाजूला टाके काढून ते बाहेरच्या खांबस्क्रूला बांधले असतील तर टाके टेंडनला उभे चिरत निघतात आणि अशा वेळी स्क्रू, हाड, गाठ सगळं शाबूत असतं. काटेरी वॉशरखाली टेंडनचे धागे विस्कटतात. हे कळलं की कुठे सुधारणा करायची तेही कळतं. टाके चिरत निघत असतील तर जाड स्क्रू आणून काही उपयोग नाही.

मागे-पुढे करता येणाऱ्या लूपांचा विषय आम्हाला बराच काळ पुरला. अखंड लूपची लांबी आधी ठरवावी लागते आणि बटण फिरायला बोगद्यात थोडी जादा जागा खोदावी लागते. सरकत्या लूपमध्ये हा त्रास नाही, बटण बसल्यावर दोरे ओढून ग्राफ्ट हवा तेवढा वर घेता येतो. सोय मोठी आहे. पण तो लूप स्वतःच्याच विणीच्या पकडीवर थांबतो, आणि ही पकड ताण असेपर्यंत असते. दर चक्रात भार शून्याजवळ जाऊ दिला तर काही रचनांमध्ये दोरा कणाकणाने मागे सरकतो, असं अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं आहे. आमच्या 50 न्यूटनच्या खालच्या मर्यादेत हे दिसलंच नसतं, कारण दोरा कधी सैल होतच नव्हता. म्हणून या गटासाठी खालची मर्यादा काढून टाकायचं ठरलं आणि तसं सरकणं आमच्याही आलेखांत दिसलं. खालचं टोक बांधून झाल्यावर लूप पुन्हा ओढून घेतला आणि दोऱ्यांना गाठ मारली की ते बरंच कमी होतं. रुग्णांवरच्या अभ्यासांत सरकता आणि अखंड या दोन्ही लूपांचे निकाल सारखेच आढळत आले आहेत, ही गोष्ट मी डॉक्टरांसमोर मुद्दाम मांडली. यंत्रावरचा फरक गुडघ्यात तसाच उतरेल असं गृहीत धरणं योग्य नव्हतं.

तीच सावधगिरी डुकराच्या हाडांबाबत. ही हाडं सहज मिळतात, आकाराने जवळची असतात, एकसारखी असतात. पण ती कोवळ्या जनावराची आणि घट्ट असतात. विशेषतः नडगीच्या बाजूला तिथला स्क्रू माणसाच्या हाडापेक्षा जास्त ताकद दाखवतो आणि कमी सरकतो. उलट दात्यांची मानवी हाडं बहुतेक वयस्कर व्यक्तींची, म्हणजे ज्या तरुण खेळाडूवर ही शस्त्रक्रिया होते त्याच्यापेक्षा कितीतरी विरळ. दोन्ही टोकांची मोजमापं घेऊन मधल्या माणसाचा अंदाज करायचा, असा हा मामला आहे. दात्यांच्या हाडांवर काम करताना आम्ही सगळेच हळू आवाजात बोलत असू. त्या माणसांनी दिलेलं वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक नमुन्याची आखणी दोनदा तपासली जायची. त्या हाडांत स्क्रूचा आकडा पार खाली आला, बटणाचा तितका नाही, कारण बाहेरचा थर वयाने झिजला तरी आतल्या जाळीइतका लवकर विरळ होत नाही.

म्हणून बटण सर्वोत्तम म्हणावं का? लटकणाऱ्या फिक्सेशनची स्वतःची अडचण आहे. पकड हाडाच्या बाहेर आणि सांधा खूप खाली, त्यामुळे मधली लांबी भाराबरोबर ताणते आणि सैलावते. बोगद्याच्या तोंडाशी ग्राफ्ट वर-खाली आणि आजूबाजूला घासत राहतो. क्ष-किरण चित्रात बोगदे रुंदावलेले दिसतात त्यामागे जी कारणं मांडली जातात त्यांतलं हे एक. स्क्रू सांध्याच्या जवळ पकडतो, तिथे ही हालचाल कमी. ताकद आणि ताठरपणा यांची ही ओढाताण एका आकड्यात बसत नाही.

मग मी शस्त्रक्रिया पाहायला गेले. टेबलावर सगळं वेगाने होतं, प्रयोगशाळेत जो टप्पा आम्ही तासभर करायचो तो काही मिनिटांत. मांडीच्या बाजूचं बटण बसल्यावर डॉक्टरांनी ग्राफ्टची खालची टोकं ताणून धरली आणि गुडघा पूर्ण वाकवत, पूर्ण सरळ करत बऱ्याच वेळा फिरवला. आमच्या आलेखावरचा तो पहिला खडा चढ ते इथे, स्क्रू घालण्याआधी संपवून टाकत होते. लूप बसला, टेंडन लांबला, ढील गेली आणि मग गुडघा जवळजवळ सरळ ठेवून खालचा स्क्रू आवळला. हाताला हाड मऊ लागलं म्हणून त्यांनी टोकांचे टाके बाहेर एका वॉशरखाली वेगळे बांधले. दोन पकडी झाल्या, एक बोगद्यात आणि एक बाहेर. त्या विरळ हाडांच्या चाचण्यांत आम्हाला हीच जोडी सगळ्यांत कमी सरकताना दिसली होती.

नंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी आम्हाला बसवून घेतलं. त्यांचा प्रश्न आमच्या मूळ प्रश्नापेक्षा नेमका होता: "मी रुग्णाला कोणत्या आठवड्यात किती भार द्यायला सांगू?" उपकरणाचं काम मर्यादित काळाचं असतं. हाडाचा तुकडा बोगद्याच्या हाडाशी साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतो, टेंडनला त्याहून जास्त वेळ लागतो. कुत्र्यांवरच्या 1993 च्या एका अभ्यासात पहिल्या आठ आठवड्यांपर्यंत ओढल्यावर टेंडन बोगद्यातूनच निघून येत होता, बारा आठवड्यांनंतर बोगद्यातली पकड टिकून टेंडन दुसरीकडे तुटू लागला. तोवर सगळा भरवसा त्या स्क्रूवर आणि बटणावर. गंमत म्हणजे याच सुमारास ग्राफ्ट स्वतः कमजोर होत असतो, कारण त्याच्या पेशी मरून नव्या येण्याचा काळ तो हाच. म्हणून मॅडम पहिल्या महिन्यांत बसून, पायाला वजन बांधून गुडघा शेवटचे तीस अंश सरळ करायला लावत नाहीत: त्या टप्प्यात मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो आणि ग्राफ्टवर ताण चढतो. पाय जमिनीवर टेकवून केलेले व्यायाम त्या मानाने सौम्य. त्यांना आमच्याकडून हवं होतं ते एवढंच, की 200 न्यूटनच्या हजारो आवर्तनांत ही पकड स्थिर राहते की नाही.

अहवालाचा तक्ता आम्ही त्यांच्या प्रश्नाप्रमाणे पुन्हा मांडला. पहिल्या रकान्यात 1500 चक्रांनंतरचं सरकणं आणि रेषा आडवी झाली की नाही. दुसऱ्यात ताठरपणा. तिसऱ्यात नमुना कशामुळे सुटला. चौथ्यात हाडाची घनता, कारण तिच्याशिवाय बाकीचे रकाने वाचताच येत नाहीत. सर्वाधिक भार शेवटच्या रकान्यात गेला. डॉक्टरांनी तो वाचून दोन बदल सुचवले: विरळ हाडाच्या गटात दुहेरी पकडीचे नमुने वाढवायचे आणि खालची मर्यादा सगळ्याच उपकरणांसाठी शून्यापर्यंत नेऊन चाचण्या पुन्हा करायच्या. सध्या तेच चालू आहे.